पांढरी तीन

वकिलाच्या घरी नवे यंत्र आले तर ते कागद छापण्याचे असावे, फार तर कागद फाडण्याचे असावे, अशी जनरीत आहे. गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर आमच्या फोंड्याच्या घरी जे यंत्र आले, ते यांपैकी कोणतेच नव्हते. पानाच्या डब्याएवढे, तांबड्या पत्र्याचे, पुढच्या अंगास दोन भोके नि तीन गोल बटणे असलेले ते प्रकरण टेबलावर पाहून आमच्या कारकुनाने, "हा कोणत्या खटल्यातला मुद्देमाल?" अशी पृच्छा केली. हे साउंड कार्ड आहे, असे आम्ही त्यास सांगितले. त्याने मान हलविली. परंतु अशील येईनासे झाले म्हणजे वकील मंडळी कोणत्या थरास जातात, हे आपणांस आता कळले, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता.

खरे कारण निराळे होते. त्याच्या आदल्या चवथीला आमची आई एका पदाचा दुसरा अंतरा विसरली.

आमच्या घरात बोलणे कोंकणी आणि गाणे मराठी. हे असे का, हा प्रश्न आम्हांस कोणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून विचारला, तर आम्ही त्यावर हरकत घेऊ. आईस चौदा पदे येतात. काही तिच्या आईकडची, काही जुन्या नाटकांतली, एकदोन तर कोणाची हे तिलाही ठाऊक नाही. वही नाही, स्वरलिपी नाही. जे काही आहे ते कंठात. आमचे वडील मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि जत्रेच्या नाटकांना पेटीची साथ करीत. बाहेर ते कोणाकोणाबरोबर वाजवीत असोत. दिवेलागणीनंतर राजांगणात ते केवळ आईसाठी वाजवीत. आईचा आवाज त्या राजांगणाबाहेर कधी गेला नाही. वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली. तेव्हापासून ती चवथीला, आरती आटोपल्यावर, साथीवाचून एक पद म्हणते. त्या दिवशी पहिला अंतरा झाला, ती धृपदावर आली, थांबली, हसली आणि तिने पाणी मागितले. कोणाच्या काही ध्यानात आले नाही. आमच्या आले. प्रश्न कानी पडल्यावर साक्षीदार पाणी मागतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत.

त्या रात्रीच आम्ही मनाशी ठरविले की ही चौदा पदे मुद्रित करून ठेवावयाची. फोनवर मुद्रण करता येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. एकदा केलेही होते. त्यात आईच्या आवाजाहून स्वयंपाकघरातला मिक्सर अधिक सुरेल लागला होता.

साउंड कार्डाविषयीची आमची कल्पना १९९९ सालातली होती. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना एका मित्राच्या घरी संगणक आला. त्याच्या पोटात एक हिरवी पट्टी खोचलेली होती, तिला साउंड कार्ड म्हणत. त्याआधी, १९८७ साली, कॅनडातील अ‍ॅडलिब कंपनीने असे कार्ड काढले होते आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. या जुन्या कार्डांवर यामाहाची एक चिप असे. ती खरे वाद्य जाणत नसे. एका लहरीने दुसऱ्या लहरीस हेलकावे द्यावयाचे आणि त्यातून सनई, व्हायोलिन, पियानो यांचे सोंग उभे करावयाचे, एवढीच तिची करामत. आमच्या मित्राजवळ वाद्यांची एक यादी होती. १९९१ साली ठरलेली 'जनरल मिडी' नावाची ती यादी आजही चालते. तीत एकशेअठ्ठावीस आसने आहेत. एकशेपाचव्या आसनावर सतार, एकशेबाराव्यावर सनई, एकविसाव्यावर पायपेटीची एक विलायती बहीण. हेलिकॉप्टरला आसन आहे, बंदुकीच्या बाराला आहे. तंबोऱ्यास नाही, तबल्यास नाही, आमच्या हातपेटीस तर नाहीच. त्या सनईवर आम्ही मित्रमंडळींनी तेव्हा पोटभर हसून घेतले. हुबेहूब डासासारखी वाजे.

या पूर्वग्रहाच्या भरवशावर आम्ही प्रथम जे कार्ड आणले ते अंगठ्याएवढे, स्वस्त, संगणकाच्या भोकात खुपसावयाचे होते. कोणाचे ते सांगत नाही. त्यातून आईच्या आवाजामागे एक अखंड 'हूं' असा हुंकार येई. जणू कोणी अदृश्य तंबोरा लावून बसले आहे, नि तोही बेसूर. संगणकाच्या पत्र्यावर हात ठेवला की हुंकार कमी होई, हात काढला की पुनः सुरू. आम्ही दोन संध्याकाळ हात ठेवून बसलो. तिसऱ्या दिवशी आमच्या बहिणीचा मुलगा घरी आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रात्री जागून संगीत करतो. त्याने पाहिले आणि फारसे न बोलता सांगितले की हा विजेच्या पन्नास आवर्तनांचा हुंकार आहे. घराच्या अर्थिंगमध्ये दोष आहे, आणि हे कार्ड गाण्यासाठी नाही, कचेरीत बसून फोनवर बोलणाऱ्यांसाठी आहे. (घरात बोलणे कोंकणीत झाले, ते येथे मराठीत देतो. आईची चार वाक्ये तेवढी जशीच्या तशी ठेवतो, कारण ती भाषांतरित केल्यास ती आम्हांस रागे भरेल.)

मग तांबडा डबा आला. त्याची निवड कशी करावी, याचे भाच्याने जे धडे दिले त्यांतले आम्हांस उमगले ते असे. गाणे म्हणजे हवेतले हेलकावे. मायक्रोफोन त्यांची वीज करतो. कार्ड ती वीज सेकंदास अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजून आकडे लिहून ठेवते. मोजणीची पट्टी जितकी बारीक तितके बरे. सोळा बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ रेघा असतात, चोवीस बिटांच्या पट्टीवर एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. सोळाच्या पट्टीवर आवाज पार शिगेपर्यंत भरून घ्यावा लागतो. गायक एकाएकी तार षड्जावर गेला की वरून सांडतो, आणि सांडलेले परत भरता येत नाही. चोवीसच्या पट्टीवर शीग राखून, अर्धवट भांडे भरले तरी चालते. घरच्या गाण्याला हे फार मोलाचे आहे. घरच्या गायिकेला "जरा हळू म्हण" असे सांगणारा मुलगा अजून जन्मावयाचा आहे. चांगल्या मायक्रोफोनला अठ्ठेचाळीस व्होल्टचा खुराक लागतो, तो कार्डातून मिळावा. आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आपला आवाज आपणांस उशिराने ऐकू येऊ नये. या शेवटच्या कलमावर भाच्याचा फार भर होता. संगणक आवाजाचे आकडे थोडेथोडे साठवून एकदम उचलतो. दोनशेछप्पन्न आकड्यांची खेप केली तर सुमारे पाच मिलिसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे सहा फूट जातो. म्हणजे साथीदार सहा फुटांवर बसला आहे असे समजावे. त्याने काही बिघडत नाही. खेप मोठी केली तर साथीदार उठून शेजारच्या वाड्यात जाऊन बसतो. उशीर हा गाण्यातला मोठा विषय आहे, हे आमच्या मनात तेव्हाच नोंदले गेले. तो केवढा मोठा आहे, ते पुढे कळले.

कार्ड झाले. आता पेटी. वडिलांची पेटी माळ्यावर होती. एकोणचाळीस पट्ट्यांची, एकेरी सुरांची, साधी. गोव्याच्या बारा पावसाळ्यांनी तिचे लाकूड फुगले होते, आणि भात्याशी उंदरांचा काही जुना व्यवहार असावा असे दिसत होते. बाजारातील एका वृद्ध कारागिराने ती पाहून, "सगळे सूर काढू, पालिताण्याचे नवे घालू, पेटी नवी होईल," असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही विचार करण्यास मुदत मागितली. भाचा म्हणाला, "मामा, मुदत कशाला? माझ्याकडे पेटी आहे." त्याची पेटी संगणकात होती.

हल्लीचे संगीतकार ज्याला सॅम्पल म्हणतात तो म्हणजे स्वराचा नमुना. खऱ्या वाद्याची एकेक पट्टी दाबून, एकेक तार छेडून, हलक्या हाताने, जड हाताने, तो आवाज मुद्रित करावयाचा. मग कीबोर्डाची पट्टी दाबली की त्या त्या जागचा नमुना वाजतो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडात १९६३ साली मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले, त्यात प्रत्येक पट्टीखाली आठेक सेकंदांची फीत असे. १९७९ साली सिडनीत फेअरलाइट आले आणि फितीची जागा आकड्यांनी घेतली. तेव्हा त्याची किंमत घराएवढी होती. आज तीच विद्या एका विद्यार्थ्याच्या संगणकात फुकट नांदते. स्वित्झर्लंडमधल्या स्वर सिस्टिम्सने तर तबला, सतार, पेटी अशा आपल्या वाद्यांचे नमुने घेऊन दुकानच थाटले आहे. जनरल मिडीच्या दरबारात ज्यांना उभे राहावयास जागा नव्हती, त्यांना अखेर आसन मिळाले.

नमुन्याचे वाद्य निवडताना काय पाहावे, तर ते वाद्य वाजते कसे, हे त्याच्या कर्त्याला ठाऊक होते की नाही, ते. भाच्याने जमविलेल्या पहिल्या दोन पेट्या पियानोवाल्यांनी केलेल्या होत्या. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा! पेटीची पट्टी तुम्ही ठोसा मारून दाबा की पिसाने दाबा, तिला काही सोयरसुतक नसते. आवाजाचा लहानमोठेपणा सारा भात्याच्या वाऱ्यात. आम्ही हे वडिलांच्या मांडीशी बसून शिकलो होतो, ते प्रथमच कोणाच्या उपयोगी पडले. तिसरी पेटी बरी निघाली. भाच्याने तिचा वारा एका पायाच्या पेडलला जोडला आणि पायाने भाता मारू लागला. एरव्ही ज्याला पेटीचे नाव काढले की जुनेपणाचा वास येतो, त्या पोराला असा भाता मारताना पाहून आम्हांस मौज वाटली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. स्वर आखीव, मींड नाही, वाद्य परदेशी, असा आरोप. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. पेटी मूळची पॅरिसची, हे खरेच आहे. देबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. बंदीच्या त्या काळातली पहिली एकवीस वर्षे गोवा पोर्तुगिजांकडे असल्यामुळे आमच्या देवळांतून ती निर्वेधपणे वाजत राहिली, ही गोष्ट इतिहासकारांनी टिपून ठेवण्यास हरकत नाही. ते असो. कालची आरोपी आज फिर्यादी झाली आहे. संगणकातली पेटी खोटी, आमची खरी, असे आता पेटीवाले म्हणतात.

वकील या नात्याने आमचेही एक मत बनत होते. नमुना खोटा नसतो. तो स्वर कोणीतरी, कोठेतरी खरोखरच वाजविलेला असतो. परंतु साक्षीदाराच्या जबानीतला एकेक शब्द कापून, ते शब्द निराळ्या क्रमाने जोडून, त्याने कधी न उच्चारलेले वाक्य तयार करावे, तसे ते आहे. प्रत्येक शब्द त्याचाच. जबानी मात्र त्याची नव्हे. हे मत आम्ही भाच्याला ऐकविले. तो म्हणाला, "मग मामा, टायपिस्टही खोटाच. अक्षरे सगळी आधीच पाडलेली." पोरगा वकील झाला असता तर आमची पंचाईत होती.

श्रावणात मुद्रण सुरू झाले. पंखा बंद, खिडक्या बंद, पावसाला विनंती. भाच्याने पेटीची साथ आधी मुद्रित करून ठेवली होती. आईने हेडफोन लावून तीवर म्हणावयाचे. अंबाडा आडवा येत असल्याने हेडफोन पुष्कळ वेळ जागेवर बसेना. पहिल्या पदाच्या ऐन मध्यावर पोदेर पाव घेऊन आला आणि त्याच्या भोंग्याची 'पोंय' चोवीस बिटांच्या पट्टीवर अतिशय नेमकी मोजली गेली. दुसऱ्या खेपेस पद पुरे झाले. आईने हेडफोन काढले नि म्हणाली, "हे पेटयेक खूब घाय आसा." या पेटीला फार घाई आहे, म्हणे. आम्ही भाच्याला लय उतरवावयास सांगितली. त्याने उतरविली. आईचे म्हणणे तेच.

भाच्याने मग रात्री पडद्यावर तपासले. संगणकात आवाजाचे चित्र दिसते. वर पेटी, खाली आई. त्याने आम्हांस बोलावून दाखविले की आजी लयीत पक्की आहे, फक्त काही काही स्वरांवर मागे राहते. फार नाही, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित कमी. "वय झाले, मामा. मी सरकवून देतो." आणि त्याने सरकविले. अशी सोय आता प्रत्येक संगीतकाराकडे असते. मागे राहिलेला स्वर चिमटीत धरून पुढे ओढावयाचा, उतरलेला वर उचलावयाचा. दुसऱ्या दिवशी आईला ते ऐकविले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हांव अशें गायना."

आम्ही जरा ताठरलो. १८७२ चा जुना पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या त्रेसष्टाव्या कलमाखाली आज ध्वनिमुद्रण कोर्टात दाखल करावयाचे तर त्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, त्या फाइलीचा हॅश नावाचा जो आकडा असतो तो लिहून द्यावा लागतो. मुद्रणातला एक निमिष जरी हलविला तरी तो आकडा बदलतो. आम्ही नित्य दुसऱ्यांच्या मुद्रणांवर हरकती घेतो, आणि आमच्याच घरात आमच्या आईचे मुद्रण हलविले गेले, तेही आमच्या संमतीने. भाचा म्हणाला की हल्ली सगळेच असे करतात. आम्ही त्याला आमच्याच तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची गोष्ट सांगितली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठविली, तीवर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती जशी गायिली तशी गेली. कोणी चिमटीत धरून पुढे ओढली नाही. त्याने मूळ मुद्रण जपून ठेवले होते, ही त्याची शिस्त. नसते ठेवले, तर हा लेख येथेच संपला असता.

मूळ मुद्रण पुनः लावले आणि आम्ही ते उलटतपासणीच्या डोळ्यांनी पाहिले. आई कोठे मागे राहते? वय झाले असेल तर माणूस कोठेही मागे राहील. ती कोठेही राहत नव्हती. भैरवीतल्या त्या पदात तेवीस ठिकाणी ती मागे होती आणि तेवीसही ठिकाणी कोमल धैवत होता. दुसरे पद घेतले. त्यात धैवत शुद्ध होता, तेथे ती एकदाही मागे नव्हती. तिसऱ्यात पुनः कोमल, पुनः मागे. आईची पट्टी काळी चार. काळी चारचा कोमल धैवत म्हणजे पेटीवरची पांढरी तीन.

पांढरी तीन! आम्ही तेथल्या तेथे उठून उभे राहिलो. वडिलांच्या पेटीत पांढरी तीनचा सूर पहिल्यापासून सुस्त होता. पट्टी दाबली तरी लगेच बोलत नसे. क्षणभर वाऱ्याचा नुसता फुसकारा आणि मग स्वर. पितळेची जीभ आपल्या चौकटीपासून प्रमाणाबाहेर उचललेली असली की असे होते. वारा भरून येईपर्यंत ती हलत नाही. पाच मिनिटांचे काम होते, परंतु वडिलांनी ते कधी करून घेतले नाही. त्या सुराचे नाव त्यांनी 'म्हातारी' ठेवले होते. "राव, म्हातारी येता," असे ते वाजवताना आईला म्हणत, आणि आई हसत हसत थांबे. आम्ही लहानपणी हे इतक्या वेळा ऐकले होते की विसरून गेलो होतो. आई चाळीस वर्षे त्या स्वराशी थांबली. पेटी माळ्यावर गेली, वाजविणारा गेला, थांबणे राहिले. आणि आम्ही दोघे शहाणे ते दुरुस्त करावयास निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी आई चार दिवसांसाठी मडगावला आमच्या बहिणीकडे गेली, आणि आम्ही पेटी खाली उतरवली. वृद्ध कारागीर आले. "फक्त भाता सांधा, सुरांना हात लावू नका," असे म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही फक्त अपील नको म्हणणाऱ्या अशिलाकडे पाहताना वापरतो. त्यांनी भात्याला कातड्याचे ठिगळ लावले. एकोणचाळीसपैकी सव्वीस सूर बोलले. पांढरी तीन बोलली, आपल्या सवडीने.

तीन रात्री आम्ही त्या पेटीचे नमुने घेतले. आम्ही भाता मारावयाचा, भाच्याने एकेक पट्टी दाबून धरावयाची. हलका वारा, मध्यम वारा, भरलेला वारा. भाता मारण्याचे काम ऐकणाऱ्यास वाटते तितके सोपे नाही. वारा एकसारखा राहिला नाही की स्वर थरथरतो, आणि थरथरलेला नमुना पुनः घ्यावा लागतो. आमचे मनगट आठवडाभर वकीलपत्रावर सही करण्याच्या लायकीचे राहिले नाही. जे तेरा सूर मुके होते त्यांच्या जागी शेजारच्या सुराला ताणून बसविता येते. सॅम्पलर ते आपोआप करतो. पांढरी चार मुकी होती, म्हणून तिच्या जागी पांढरी तीन अर्ध्या स्वराने वर चढून बसली. भाच्याने ती वाजवून पाहिली तर तीही उशिरा येऊ लागली. म्हातारीने शेजारणीला वळण लावले होते. मग पांढरी चारसाठी वरच्या बाजूचा सूर खाली ताणला.

चौथ्या सकाळी भाच्याने सर्व नमुने सिद्ध करून आम्हांस ऐकविले. पेटी तीच, तोच किंचित नाकातला आवाज, तीच पट्ट्यांची खडखड. आम्ही पांढरी तीन दाबली. स्वर तत्काळ आला.

आम्ही पुनः दाबली. पुनः तत्काळ. तेव्हा उलगडा झाला की नमुना तयार करताना त्याच्या आरंभीची शांतता कापून टाकण्याची रीत आहे. पट्टी दाबली की स्वर आलाच पाहिजे, नाही तर वाजविणारा तक्रार करतो. म्हणून जेथे स्वर सुरू होतो तेथपर्यंतचा भाग कापतात. भाच्याने सव्वीसही नमुने रीतीप्रमाणे कापले होते. कापलेल्या त्या तुकड्यात पट्टीची खट् आणि वाऱ्याचा फुसकारा होता. म्हातारी आली होती. तिचे येणे तेवढे टोपलीत गेले होते. आम्ही त्याला म्हटले, एवढा एक कापू नकोस. त्याने मूळ तुकडा काढला, मोजला. हलक्या वाऱ्यावर सेकंदाचा पाचवा हिस्सा, भरल्या वाऱ्यावर त्याहून थोडा कमी. आईच्या थांबण्याशी तो तंतोतंत जुळला, असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. वाऱ्याप्रमाणे तो बदलतो, आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलाने आम्हांस त्यावर सहज अडचणीत आणले असते.

आई परत आली. पेटी पुनः माळ्यावर गेली होती, आणि तिला आम्ही काही सांगितले नाही. संध्याकाळी दिवा लावून ती बसली. या खेपेस साथ आधी मुद्रित केलेली नव्हती. भाचा कोपऱ्यात कीबोर्ड घेऊन बसला, पाय पेडलवर. पाऊस उघडला होता. पहिल्या ओळीत धैवत नाही. दुसरीच्या अखेरीस तो येतो. भाच्याने पट्टी दाबलेली आम्ही पाहिली. हेडफोनमध्ये खट् झाले, नंतर काहीच नाही, आणि मग पेटी नि आई एकदमच त्या स्वरावर उतरली.

आईने डोळे उघडले. तिने पोराच्या हाताकडे पाहिले, आणि गाणे न थांबविता पुनः मिटले. पुढच्या धैवताला ती किंचित हसली, ते हसू मुद्रणात आले आहे. पद संपले तेव्हा तिने एका कानावरचा हेडफोन दूर केला.

"म्हातारी खंय मेळ्ळी?"

भाच्याने माळ्याकडे बोट दाखविले. आईने तिकडे पाहिले, अंबाडा सावरला, हेडफोन पुनः नीट बसविले.

"फुडलें पद खंयचें?"

आम्ही यादी पाहिली. चवथीच्या दिवशीचे ते पद आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्याच्याआधी अजून नऊ बाकी होती.